दिसायला सारखे, गुणांनी निराळे

जुनी पद्मिनी घेऊन दिवाळीला मालवणला जायचे, म्हणजे मुक्कामी खारा वारा आणि कोल्हापूरमार्गे परतताना फोंडाघाटाचा चढ! कुर्ल्यात तयार झालेली ही मोटार मुंबईत टॅक्सी म्हणून धावायची थांबली ती २०२३ साली. पण हौसेने जपलेल्या गाड्यांना नवे प्लग लागतातच.

आट्यांत बसला म्हणजे प्लग जुळला, असे मात्र नाही. व्यास तोच १४ मिलिमीटर असला, तरी आट्यांची लांबी कुठे १२.७, तर कुठे १९. आखडाच्या जागी लांब बसवला, तर तो पिस्टनवर आदळू शकतो. दुसरी गोष्ट उष्णतेची. फार 'थंड' प्लगवर गावातल्या संथ फेऱ्यांत काजळी धरते. फार 'गरम' प्लग घाटात तापून ठिणगीआधीच पेट्रोल पेटवतो. गंमत अशी, की एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम! म्हणून कंपनी बदलताना आकडा जुळवू नये, कोष्टक पाहावे.

आधी जुना प्लग निरखावा. टोक फिकट तपकिरी असेल, तर त्याच गुणाचा घ्यावा. खाऱ्या हवेने गंजलेला प्लग इंजिन निवल्यावर, तेल सोडून, हळूच सोडवावा. दिवाळीत बार अंगणात उडावेत, बॉनेटखाली नव्हे!