वाण्याची लाल वही

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा बाजार. आजूबाजूच्या गावांतून जमलेल्या कुणब्यांनी गुजर-मारवाडी दुकानदारांना गाठलं आणि मागणी केली ती वह्यांची. धान्याची दुकानं लुटली गेली, पण आगीत गेली ती खाती आणि कर्जरोखे. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. त्यातली एक गोष्ट मला कायम थबकवते. जमावातल्या बहुतेकांना अक्षर लागत नव्हतं, पण कोणता कागद जाळायचा हे पक्कं ठाऊक होतं.

खेड्यातला किराणा आणि सावकारी तेव्हा बऱ्याचदा एकाच ओट्यावर चालत. मीठ-मिरची देणारा हात बियाण्याला पैसे देई आणि सुगीला खळ्यावर हजर होई. त्या हाताखालची लाल कापडी बांधणीची, दोरीनं गुंडाळलेली लांबट वही म्हणजे गावाचा दुसरा सातबाराच. आज ती संग्रहालयात किंवा माळ्यावर दिसते. पण तिची रीत समजून घेण्यासारखी आहे.

वही एक नसे, तीन असत. दिवसा गिऱ्हाइकांची रेटारेटी चालू असताना दुकानदार जे खरडून ठेवी, तो खर्डा. रात्री फळ्या लावल्यावर कंदिलाशी बसून खर्ड्यावरून नीट अक्षरात उतरवायची ती कीर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च. आणि कीर्दीतून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाच्या पानावर न्यायची ती खतावणी. गल्ल्यातली चिल्लर मोजून कीर्दीशी ताडायची. दोन आण्यांचा फरक निघाला तर मेळ बसेपर्यंत घरात कुणी जेवायला हाक मारत नसे.

पानावर छापील रेघा नसत. कागदाच्या घड्या घालून रकाने उठवायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. ही बाजू ठेवण्याची पद्धत इंग्रजी खातेवहीच्या नेमकी उलटी, त्यामुळे दुकानदाराचा मुलगा शहरात वाणिज्य शिकून आला की महिनाभर बापलेकांचं जमत नसे! लिपी बहुतेक ठिकाणी मोडी. आधी पानभर शिरोरेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवायची. रुपयाचे १६ आणे, आण्याचे चार पैसे. चार आणे म्हणजे एक उभी रेघ, आठाला दोन, बाराला तीन. सुटा आणा म्हणजे आडवी, जराशी तिरपी रेघ. सहा आण्यांना एक उभी, दोन आडव्या. बस, संपला हिशोब.

हा हिशोब तोंडीच होई. साडेतीन आणे शेराचा गूळ, गिऱ्हाइकाला हवा अडीच शेर. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ असलेला दुकानदार तराजूचं पारडं स्थिर व्हायच्या आत ‘पावणेनऊ आणे’ म्हणून मोकळा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही पाढ्यांची घराणी शाळेत घोकून घेत, ती अशा दुकानांसाठीच असावीत असं मला वाटतं.

आमच्या आजोळी माळ्यावर अशी एक वही होती. अर्धी वाळवीनं खाल्लेली. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी तिची काही पानं लावून दिली. पानाच्या माथ्यावर श्री, खाली मिती, खाली नावं. नावं तरी कसली! ‘मळ्यातला’, ‘विहिरीजवळचा’, ‘अमक्याची आई’. आडनाव क्वचितच. एका खात्यावर महिनोन्महिने तेच ते : गोडेतेल नवटाक, मीठ, काडेपेटी, चहापूड. मग अचानक एका मितीला डिंक, खारीक, अळीव, सुंठ. स्नेही वाचता वाचता थांबले आणि हसून म्हणाले, ‘‘बाळंतीण आली घरात.’’ चार पानं उलटली. त्याच खात्यावर एका दिवशी पांढरं कापड, कापूर, गुलाल. पुढचा महिनाभर काहीच नाही. ना मीठ, ना तेल. वहीनं कोण गेलं ते लिहिलं नव्हतं. आम्ही दोघंही थोडा वेळ बोललो नाही.

एवढं बोलकं हे दप्तर, पण त्यात काय नाही तेही बघायला हवं. रोखीचा माल कुणाच्या खात्यावर चढत नाही. पदराआड मापटंभर ज्वारी आणून त्यावर मीठ-हळद नेणाऱ्या बाईचाही कुठे उल्लेख नाही, कारण देणं-घेणं तिथल्या तिथे फिटलं. खतावणीत राहिली ती फक्त उधारी. गाव वहीत भेटतं ते अडलेलं असतानाच.

शिवाय लिहिणारा एकच. ज्याच्या नावे रक्कम पडते त्याला ती वाचता येत नाही. त्याच्याकडे उत्तर काय, तर भिंतीवर कोळशाच्या रेघा. हे कायद्याच्याही ध्यानात आलं होतं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचं ३४ वं कलम सांगत असे की धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या वहीतली नोंद पुराव्यात घेता येईल, पण निव्वळ तेवढ्यावर कुणाला देणेकरी ठरवता येणार नाही. त्याआधी १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुणब्याच्या भल्याचा. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा, त्यावर नवा अंगठा. सुप्याला पेटलं ते हे सरपण.

दंग्यांनंतर १८७९ साली सरकारनं पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात पैसे भरल्याची पावती, वर्षाचा लेखी हिशोब आणि स्वतःजवळ ठेवायचं खातेपुस्तक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. वही दोन्ही बाजूंकडे असावी, ही त्यातली अक्कल मला आजही पटते. मात्र ज्याच्याकडून उद्या पुन्हा तेल-मीठ उधार आणायचं, त्याच्याकडे पावती मागायला छाती लागते.

कोकणातल्या दुकानाची चाल निराळी. तिथे खातं सुगीवर हलत नसे. ते हले मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर. पोस्टमन वाडीत शिरला की दुकानदार खतावणी उघडून बसलाच म्हणून समजा.

१ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले आणि उभ्या-आडव्या रेघांचं काम संपलं. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला, १९६२ पर्यंत शेर कायद्यातून गेला. तोंडातून मात्र गेला नाही. मोडी शाळेतून आणि कचेरीतून त्याच सुमारास उठली. दहा-बारा वर्षांत या वह्या त्यांच्याच घरच्यांना वाचता येईनाशा झाल्या. मग काय, कोरी मागची बाजू पोरांना गणितं करायला, आणि लिहिलेली पानं फाडून दुकानातच जिऱ्या-मोहरीच्या पुड्या बांधायला.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल, तर रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी चार पानं मोडी जाणणाऱ्याला दाखवा. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, काही विद्यापीठंही घेतात. तिथे शिकलेलं कुणीतरी तुमच्या ओळखीत नक्की निघेल.