इंजिनाविना विमान

लोणी काळभोरहून पुण्याकडे निघाले की सोलापूर रस्त्यावर हडपसर लागते. तेथील ग्लायडिंग सेंटरच्या माळावरून विंचच्या दोराने वर खेचले जाणारे आणि उंची गाठताच दोर सोडून निःशब्द तरंगणारे ग्लायडर या परिसरातील अनेकांनी बालपणी कुतूहलाने पाहिले आहेत. हा छंद एके काळी युद्धाचे साधन होता.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी विमानदल ठेवण्यास मनाई केली. तहात ग्लायडरचा विचार झाला नव्हता. तेव्हा जर्मन तरुण डोंगरउतारांवर ग्लायडर उडवू लागले आणि त्यांतूनच पुढील वैमानिक घडले. १० मे १९४० रोजी बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्याच्या माथ्यावर जर्मन ग्लायडर पहाटे उतरले, तेव्हा इंजिनाचा आवाज नसल्याने पहारेकरी बेसावध राहिले.

अमेरिकेने मग 'वाको' ग्लायडरचा कारखाना-कारखान्यांतून सपाटा लावला. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, खाली प्लायवूड. आत दोन वैमानिक आणि तेरा सैनिक, किंवा एक जीप. विमाने बनविणारे कारखाने अपुरे पडल्याने फर्निचरवाल्यांना आणि पियानो बनविणाऱ्यांनाही कामे मिळाली. हिशेबी माणसाने येथे क्षणभर थांबावे. फोर्ड कंपनीने चार हजारांहून अधिक ग्लायडर बनविले आणि प्रत्येकाची किंमत सुमारे १५ हजार डॉलरवर आणली. दुसऱ्या एका कंपनीने सतरा लाख डॉलर खर्चून एकच ग्लायडर दिला!

पैशाचे नुकसान भरून येते. १ ऑगस्ट १९४३ रोजी सेंट लुईस शहरात हजारो नागरिकांसमोर नव्या ग्लायडरचे प्रात्यक्षिक होते. महापौर व अन्य प्रतिष्ठित मंडळी आत बसली होती. दोर सुटताच उजवा पंख निखळला आणि दहाही जण ठार झाले. पंखाच्या आधारदांड्याचा एक धातूचा जोड आवश्यकतेपेक्षा पातळ कातला गेला होता. तो पुरविणारा उपकंत्राटदार पूर्वी शवपेट्या बनवीत असे. माल तपासणीतून पार झाला होता, म्हणजे सही कोणीतरी केली होती.

याच जातीच्या ग्लायडरमध्ये बसून सात महिन्यांनी, ५ मार्च १९४४च्या रात्री, जनरल विंगेट यांचे 'चिंडिट' सैनिक आसाममधील लालाघाट धावपट्टीवरून ब्रह्मदेशातील जपानी फळीच्या मागे निघाले. ऐनवेळी आलेल्या छायाचित्रात एका नियोजित मैदानावर लाकडाचे ओंडके पसरलेले दिसले. म्हणून सारे ग्लायडर 'ब्रॉडवे' नावाच्या दुसऱ्या मैदानाकडे वळविण्यात आले. एका डाकोटामागे दोन-दोन ग्लायडर जोडण्याचा निर्णय महागात पडला. भार अधिक, पर्वत उंच. कित्येक दोर वाटेतच तुटले आणि अनेक ग्लायडर भलत्याच ठिकाणी उतरले. ते सर्वत्र विखुरल्याने खरा हल्ला कोठे आहे याचा जपान्यांना उलगडा होईना, हा केवळ योगायोगाचा लाभ.

ब्रॉडवेवर गवताखाली सागाचे ओंडके ओढून पडलेल्या खोल चाकोऱ्या होत्या. अंधारात पहिले ग्लायडर त्यांत अडकून मोडले. मागून येणाऱ्यांना थांबता येत नव्हते, कारण ग्लायडरला पुन्हा वर जाण्याची सोय नाही. त्यांच्या वैमानिकाला एकदाच उतरता येते. मोडतोडीतून वाचलेल्या बुलडोझरने दिवसभरात धावपट्टी तयार केली आणि दुसऱ्या रात्री डाकोटा विमाने उतरू लागली. आठवडाभरात शत्रूच्या पिछाडीस सुमारे ९ हजार सैनिक आणि १३०० जनावरे पोहोचली. खेचरांनी ओरडून ठावठिकाणा उघड करू नये म्हणून, निघण्यापूर्वी त्यांतील बहुतेकांचा आवाज शस्त्रक्रियेने बंद करण्यात आला होता.