एका नोंदीचा प्रवास : लागणीपासून बिलापर्यंत



लागण केल्यापासून बिल बँकेत जमा होईपर्यंत आपला ऊस किती जणांच्या हातून जातो, हे आपण सहसा मोजत नाही. गटाचा कर्मचारी नोंद घेतो. शेतकी विभाग तोडणीचा कार्यक्रम बसवितो. टोळी तोडते, वाहनवाला खेप आणतो, काट्यावर वजन होते आणि शेवटी हिशोब विभाग बिल काढतो. प्रत्येकाचे काम ठरलेले, प्रत्येकाचे रजिस्टर वेगळे. घोळ होतो तो या दोन रजिस्टरांच्या मधल्या जागेत.

समजा, लागण झाली १० ऑगस्टला आणि नोंदीत पडले १० ऑक्टोबर. आडसाली ऊस कागदावर पूर्वहंगामी झाला. कार्यक्रम तारखेवर बसतो, म्हणून तोड दोन महिने मागे गेली. तोवर उसाला तुरे येतात, कांडी पोकळ पडते, वजन घटते. सभासद विचारायला गेला की उत्तर मिळते, ‘आमच्या यादीप्रमाणे बरोबर आहे.’ आणि ते खोटेही नसते. प्रत्येकाने आपले काम चोख केले, नुकसान मात्र सभासदाचे झाले.

कामाची आखणी दोन रीतींनी करता येते. नेहमीची रीत म्हणजे ‘आधी हे, मग ते’ अशा पायऱ्या लिहिणे. दुसरी रीत म्हणजे ज्या नोंदीवर सगळा धंदा उभा आहे ती नोंद मध्यभागी ठेवणे आणि कामे तिच्याभोवती बसविणे. अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीचे संशोधक अनिल निगम व नेथन कॅस्वेल यांनी २००३ साली ही दुसरी रीत नीट मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अशा प्रत्येक नोंदीच्या दोन बाजू असतात. एक, तिच्यात काय माहिती असावी. दुसरी, तिने जन्मापासून शेवटापर्यंत कोणत्या अवस्थांतून जावे.

हे आपल्या उसाला लावून पाहू. नोंद घेतली, पाहणी झाली, तोड मिळाली, ऊस तुटला, वजन झाले, बिल निघाले, या झाल्या अवस्था. प्रत्येक अवस्थेला अट. गट नंबर, क्षेत्र, जात व लागणीची तारीख यांवर पाहणीच्या वेळी सभासदाची सही नसेल, तर नोंद पक्की नाही. पक्की नाही तर कार्यक्रमात नाही. वरची ऑगस्ट-ऑक्टोबरची चूक इथेच सापडली असती. काम कोणत्या टेबलावर होते हे उद्या बदलले, तरी अट बदलत नाही.

दुसरा फायदा अडीअडचणीच्या वेळचा. शॉर्टसर्किटने फड जळाला, तर ठरलेल्या पायऱ्यांत त्याला जागाच नसते. मग तोंडी सांगणे आणि ओळखीपाळखी सुरू होतात. नोंदीलाच ‘जळीत’ ही अवस्था असली, तर पंचनाम्याची तारीख पडताच ती पुढे सरकते. ओळख असो वा नसो.

पैशाचेही तेच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत रक्कम मिळाली पाहिजे. उशीर झाल्यास द.सा.द.शे. १५ टक्के व्याज आहे. वजनाची तारीख आणि बिलाची तारीख एकाच नोंदीवर असली, की हे दिवस कोणालाही बोटांवर मोजता येतात.

मात्र एक धोका ध्यानात ठेवावा. एकच नोंद सगळीकडे चालू लागली, की तिच्यातली चूकही सगळीकडे चालते. संगणक तारीख लिहून घेतो, शेतात जाऊन पाहत नाही. ती तारीख खरी आहे की नाही, हे सभासदाला सर्वांत आधी ठाऊक असते.

म्हणून नोंदीची पावती घरी नेऊन तशीच खुंटीला अडकवू नये. गट नंबर, क्षेत्र, जात, लागण की खोडवा, तारीख आणि बँकेचा खाते नंबर घरच्या माणसांसमोर वाचून घ्यावा. फरक दिसला तर तोडणी कार्यक्रम लागण्यापूर्वी गट कार्यालयात लेखी द्यावे व पोच घ्यावी. वजनाच्या पावत्या बिल हाती येईपर्यंत जपून ठेवाव्यात, ही विनंती.