माशाचा काटा आणि मागाहून येणारा ताप

मालवण, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यावर रापण ओढली म्हणजे तींत तारल्या-बांगड्यांबरोबर पाकट आणि शिंगाळेही येतात. त्यांचे काटे विषारी असतात, हें तेथील गाबीत मंडळींस पुरतें ठाऊक असतें. सुट्टींत समुद्रस्नानास जाणाऱ्या आपल्या घरच्या मंडळींस बहुधा नसतें. म्हणून हे चार शब्द आम्ही लिहीत आहों.

पाकट उथळ पाण्यांत वाळूखालीं दडून बसतो. त्यावर पाय पडतांच तो शेपटीवरील करवती काटा पायांत खुपसतो. कांहीं मत्स्यांच्या अस्थींत विष असतें, हें सुश्रुतानेंही कल्पस्थानांत नमूद केलें आहे. या विषाची कळ विलक्षण असते. परंतु सोसवेल अशा, फार तर ४५ अंश सेंटिग्रेड ऊन पाण्यांत पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेविला असतां ती बहुधा ओसरते. पाणी फार कढत नाहीं ना, हें दुसऱ्यानें हात घालून पाहावें.

घात होतो तो यापुढें. कळ थांबली कीं दुखणें संपलें, असा समज होतो. ऊन पाण्यानें विषाचा जोर मोडतो. पण काट्याबरोबर खोल गेलेले जंतु त्यानें मरत नाहींत. त्यांपैकीं ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ हा फार घातक. या लॅटिन विशेषणाचा अर्थच ‘व्रणकारक’ असा आहे. उबदार, मचूळ पाणी त्यास मानवतें. आणि कर्ली नदी देवबागेपाशीं समुद्रास मिळते तेथलें पाणी याच जातीचें. एक-दोन दिवसांतच जखमेभोवतीं सूज चढते, कातडी जांभळी पडते, रक्ताळ फोड येतात, हुडहुडी भरून ताप येतो. मांस कुजूं लागतें आणि विकार रक्तांत भिनल्यास प्राणावर बेततें. यकृताचा विकार किंवा मधुमेह असणारांस हें भय अधिक. उलट ‘मायकोबॅक्टेरियम मरायनम’ हा जंतु मंदगति; त्याची गांठ कित्येक आठवड्यांनीं दिसते.

यास्तव जखम स्वच्छ पाण्यानें भरपूर धुवावी. तींत हळद, चुना, तंबाखू भरूं नये. छातींत, पोटांत वा मानेंत रुतलेला काटा घरीं उपटूं नये. डॉक्टरांकडे त्याच दिवशीं जावें, ‘समुद्रांतील माशाचा काटा लागला’ असें स्पष्ट सांगावें, कारण औषधाची निवड त्यावर ठरते. धनुर्वाताच्या लशीचेंही विचारावें. मासळी निवडतांना शिंगाळ्याचा काटा बोटांत गेला तरी नियम हाच.

उथळ पाण्यांत पाय न उचलतां वाळूवरून घासत चालावें. चाहूल लागून पाकट दूर सरतो. आणि घरांतील मधुमेही वडील मंडळी ‘एवढ्याशा काट्यासाठीं डॉक्टर कशाला?’ म्हणाली, तर त्या एका बाबतींत त्यांची आज्ञा धाकट्यांनीं खुशाल मोडावी.