परातीएवढ्या मातीतला वड

जुन्या वाड्याच्या भिंतीत, पुलाच्या कमानीत, गच्चीवरच्या टाकीच्या सांदीत उगवलेला वड किंवा पिंपळ आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. पक्ष्यानं फळ खाल्लं, विष्ठेतून बी चिरेत पडलं, पावसात रुजलं. तिथं ना पोटभर माती, ना हक्काचं पाणी. अशी रोपं कित्येकदा वर्षानुवर्षं अंगठ्याएवढीच राहतात. तेच रोप मुळं न दुखावता सोडवून जमिनीत लावलं, तर दोन-तीन पावसाळ्यांत मनगटाएवढं होतं.

बोन्सायबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज मला या भिंतीपाशी दूर करता येतो. झाडाला उपाशी ठेवून, पाणी तोडून खुरटवलं की बोन्साय तयार होतं, असं अनेकांना वाटतं. भिंतीतला वड उपाशीच असतो. तो लहान राहतो खरा, पण म्हातारा दिसत नाही. बोन्सायमध्ये जे पाहून आपण थबकतो ते झाडाचं वय असतं: बुंध्याशी रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं खोड, चहूकडे माती धरून बसलेली मुळं, जाडीतून बारकाईकडे जाणाऱ्या फांद्या. उपासमारीतून यातलं काहीच येत नाही. ते दणकून वाढण्यातून आणि वेळेवर छाटण्यातून येतं. म्हणूनच वडासारखं झपाट्यानं वाढणारं झाड या कलेला अडचणीचं नाही, उलट मोठ्या सोयीचं आहे.

बोन्साय हा शब्द जपानी. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र, ‘साय’ म्हणजे लावलेलं झाड. कला मूळची चीनची, जपाननं ती घडवली, आणि मराठीत तिला वामनवृक्ष हे सुरेख नाव मिळालं. शब्दाबरोबर जपानी वेळापत्रकही आपल्याकडे आलं आणि त्यानं बरीच झाडं दगावली. पाइन, मेपल ही हिवाळ्यात झोपणारी झाडं. त्यांची कुंडी थंडी सरताना, डोळे फुटण्याच्या बेतात असताना बदलतात. वडाला तशी झोप नाही. उबेत आणि ओलाव्यात तो वाढतो, थंडीत नुसता मंदावतो. त्याच्या मुळांना हात लावायचा तो तो जोमात असताना. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडून हवा ओलसर झाली, की वडवर्गातल्या झाडांची कुंडी बदलायला उत्तम काळ. डिसेंबरात मुळं छाटलेला वड दोन-दोन महिने रुसून बसलेला मी पाहिला आहे.

वडवर्ग मोठा आहे आणि सगळेच सारखे वश होत नाहीत. शिकणाऱ्यानं नांद्रुकापासून सुरुवात करावी. शास्त्रीय नाव फायकस मायक्रोकार्पा. ओकिनावात त्याला ‘गाजुमारू’ म्हणतात. पान लहान, साल राखाडी, कुठंही कापा, तिथून फुटतो. नर्सरीत रताळ्यासारखी फुगलेली मुळं वर काढून ‘बोन्साय’ म्हणून विकतात तेही हेच झाड. ते बोन्साय नाही, पण त्यावर शिकायला हरकत नाही. इटलीत मिलानजवळ पाराबियागो इथल्या क्रेस्पी बोन्साय संग्रहालयात याच कुळातला एक महाकाय फायकस आहे. त्याचं वय हजार वर्षांहून जास्त असल्याचं संग्रहालय सांगतं. वय बाजूला ठेवा, नुसती मुळं पाहावीत अशी आहेत. पिंपळ नांद्रुकापेक्षा अवघड, कारण पान मोठं आणि देठ लांब. आणि आपला वड सगळ्यांत हट्टी. त्याचं पान तळहाताएवढं. हातभर उंचीच्या झाडावर अशी दहा पानं आली तर झाड दिसतच नाही, नुसती पानंच दिसतात.

मग करायचं काय? आधी वाढवायचं. रोप जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत लावायचं, सोटमूळ कापून खाली फरशीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे मुळं खाली न जाता आडवी पसरतात. शेणखत द्यायचं, कडक ऊन द्यायचं आणि शेंड्याला हात लावायचा नाही. खोड हवं तेवढं जाड झालं, की धीर करून खूप खाली कापायचं. कापल्यावर पांढरा चीक भळभळा वाहतो. नवा माणूस घाबरतो. पाणी फवारून ओल्या फडक्यानं टिपलं, की तो थांबतो. हाताला मात्र लागू देऊ नये, काहींना खाज सुटते. शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात आणि जुन्या खोडावर हिरवे ठिपके दिसू लागतात. त्यातला एक निवडायचा, तो नवा शेंडा. तोही वाढू द्यायचा, पुन्हा कापायचा. प्रत्येक वेळी नवा तुकडा आधीच्यापेक्षा थोडा बारीक, थोडा आखूड आणि दिशा बदललेला. खोडाला निमुळतेपणा आणि वळणं येतात ती अशी.

दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग भागात विसाव्या शतकात रूढ झालेली लिंगनान शैली याच रीतीवर उभी आहे. तिथं तारेपेक्षा कात्री मोठी, कारण तिथल्या उबदार हवेत फांदी वर्षात एवढी वाढते की कापून-कापून आकार देणं परवडतं. थंड मुलखात त्याच कामाला कितीतरी जास्त वर्षं लागतील.

खालची फांदी जाड करायची असेल तर ती मोकळी सोडावी लागते. तिच्या लांबलचक शेंड्यावरची सगळी पानं अन्न तयार करून तिच्या बुडाला पोसत असतात. पाहणाऱ्याला झाड बेढब दिसतं, पण त्या वेळी कात्री खिशात ठेवणं हेच काम असतं. मला हे शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला.

पानं लहान करण्याची युक्ती वेगळी. निरोगी झाडाची पानं उन्हाळ्याच्या शेवटी देठ ठेवून कापायची. काही दिवसांत देठ गळतात, त्यांच्या बगलेतले डोळे फुटतात आणि नवी पानं आधीपेक्षा लहान येतात. फांद्याही दुभागत जातात. पण एखादीच फांदी पूर्ण उघडी करून बाकीच्यांवर पानं ठेवली, तर ती उघडी फांदी वाळू शकते. आजारी किंवा नुकती कुंडी बदललेल्या झाडाला हा प्रयोग करूच नये. सावलीत ठेवलेल्या झाडालाही त्याचा उपयोग नाही, कारण ऊन कमी पडलं की पान पुन्हा मोठं होतं.

मातीबद्दल फार सांगत नाही. चाळून धूळ काढलेले विटांचे बारीक खडे, थोडा मुरूम, मुरलेलं शेणखत. पाणी घातलं की खालून लगेच निघालं पाहिजे. जपानी अकादामा मातीशिवाय काही अडत नाही.

पारंब्यांबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण वडाचा सगळा थाट त्यांत आहे. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड कीड-बुरशीनं गेलं म्हणून 1925 मध्ये काढून टाकलं. झाड आजही तीन हजारांहून जास्त पारंब्यांवर उभं आहे. आपल्याकडे संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वड पाहिला, की एक झाड कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं हे कळेनासं होतं. हे सगळं परातीएवढ्या मातीत आणायचं, तर दमट हवा लागते. कोकणात, गोव्यात पारंब्या आपसूक सुटतात. पुण्यासारख्या कोरड्या ठिकाणी पावसाळ्यात सुटतात आणि हिवाळ्यात त्यांची टोकं करपतात. त्यावर उपाय साधा आहे. सरबताची नळी उभी चिरायची, ओलं मॉस भरून पारंबीभोवती बसवायची आणि नळीचं खालचं टोक मातीत रोवायचं. आतल्या ओलाव्यात पारंबी खाली उतरते. मातीत रुजली की ती जाड होऊ लागते, आणि शिवाय आकसते. लोंबती, वाकडी दोरी खुंटीला ताणून बांधल्यासारखी सरळ होते. मोठ्या झाडात अशाच जाड झालेल्या पारंब्यांवर जड फांद्या तोलल्या जातात. कुंडीत ते आपल्या डोळ्यांसमोर घडताना पाहणं हा माझ्यासाठी या कलेतला सर्वांत मोठा आनंद आहे.

तारेचं एक दुःख सांगतो. एका जूनमध्ये फांदीला ॲल्युमिनियमची तार गुंडाळली आणि महिनाभर गावाला गेलो. परतलो तेव्हा तार सालीत रुतली होती. ती तुकडे करून काढली. वळ भरून यायला पुढं तीन वर्षं लागली, आणि हात फिरवला तर आजही बोटांना ते जाणवतात. पावसाळ्यात वडाची तार दर आठवड्याला पाहावी लागते.

वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात. आमच्या इमारतीत मात्र शेजारच्या काकू आणि वहिनी गच्चीवर येतात. माझ्या वडाची कुंडी पाटावर मधोमध ठेवली जाते आणि त्याभोवती सात फेरे होतात. सूत खोडाला गुंडाळलं जातं. दुसऱ्या दिवशी काकूंना विचारून मी ते सैल करतो. ऐन ज्येष्ठात खोड फुगत असतं, सूतही तारेसारखंच रुततं. त्यांनाही ते पटलं आहे. यंदा त्यांनी स्वतःच सैल गुंडाळलं.

सध्या त्याच वडाची डावीकडची खालची फांदी मी मोकळी सोडली आहे. ती कठड्यावरून बाहेर माणूसभर लांब गेली आहे, आणि जो येतो तो ही कापायची राहिली का म्हणून विचारतो. बुडाशी ती अजून करंगळीएवढी आहे. अंगठ्याएवढी झाली, की पुढच्या मृगात दोन पेरांवर कापेन.