ऑफिस नसलेला वकील चालतो का? वकीलपत्रावर सही करण्याआधी हे पाहा

भंडारा : रोवणीच्या दिवसात लाखांदूर तालुक्याच्या टोकावरून भंडाऱ्याला वकिलाकडे जायचं म्हटलं की दिवस मोडला. बांधीत पाणी साचलेलं, पऱ्हे वाढून चाललेले, आणि तिकडे वकीलसाहेब कोर्टात उभे असले की संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसून राहा. म्हणून आता काही तरुण वकील ऑफिस न थाटताच काम करू लागले आहेत. मोटारसायकल, लॅपटॉप, मोबाईल आणि एक बॅग, एवढंच सामान. चावडीवर, बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर किंवा पक्षकाराच्या ओसरीत बसून ते कागद पाहतात. लोक विचारतात, 'ज्याचं ऑफिस नाही, त्याचा भरोसा काय भाऊ?'

कायद्याचं पहिलं बघू. 1961 च्या अधिवक्ता कायद्यात वकिलाला ऑफिस पाहिजेच अशी अट कुठंच नाही. सनद पाहिजे, आणि बार कौन्सिलच्या यादीत नाव पाहिजे. आपल्याकडची सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल देते. या कायद्याचं कलम 30 जून 2011 मध्ये लागू झालं. त्यानुसार यादीतला वकील देशातल्या कोणत्याही कोर्टात उभा राहू शकतो. म्हणजे पाटी, खुर्च्या आणि काचेचं टेबल हा वकिलीचा पुरावा नाही, सनद हा आहे. सनदेचा नंबर मागायला लाजू नका. बैल घेताना आपण दात पाहतोच ना! नंबर मिळाला की तालुक्याच्या वकील संघात जाऊन विचारायचं.

फोनवरून आता पुष्कळ काम होतं, हे खरं आहे. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं सरकारी ॲप मोफत आहे. प्रत्येक केसला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो टाकला की पुढची तारीख, केस कोणत्या टप्प्यावर आहे, आधी काय झालं, हे सगळं दिसतं. अपलोड झालेला आदेशही वाचता येतो. माझ्या मते फिरत्या वकिलाकडून पक्षकारानं घ्यायची सगळ्यात मोलाची गोष्ट हा नंबरच आहे. 'तारीख वाढली' असं फोनवर सांगितलं तर खरोखर वाढली का, हे घरी बसून कळतं. केस दाखल होऊन बरेच दिवस झाले तरी वकील नंबर देत नसेल, तर केस खरंच दाखल झाली का, हे कोर्टात जाऊन विचारलेलं बरं.

साक्षसुद्धा दुरून होऊ शकते. महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात साक्षीदार अमेरिकेत होता. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्हिडिओ कॉन्फरन्सवर त्याची साक्ष नोंदवायला मान्यता दिली. पण आपली केस तशी चालेल की नाही, हे त्या त्या कोर्टावर आहे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला म्हणजे साक्ष झाली, असं समजू नका.

कागदाच्या बाबतीत मात्र फोन अपुराच पडतो. विक्रीपत्राचा फोटो वकिलाला समजून घ्यायला पुरतो, पण हिअरिंगमध्ये पुरावा म्हणून मूळ कागद किंवा प्रमाणित प्रत लागते. प्रतिज्ञापत्रासाठी नोटरीसमोर स्वतः जावं लागतं, फोटो पाठवून भागत नाही. सातबारा मात्र महाभूमीवरून डिजिटल सहीचा काढता येतो आणि तो चालतो. मूळ कागद फिरत्या बॅगेत ठेवायला देऊ नका. पावसाळ्यात मोटारसायकलवरच्या बॅगेचं काय होतं, हे कुणाला सांगायला नको. वकिलाला झेरॉक्स द्या, मूळ कागद तारखेच्या दिवशी घेऊन जा. आणि दिलेच असतील तर कोणते कागद दिले याची यादी करून तिच्यावर वकिलाची सही घ्या.

फी राहिली म्हणून वकील फाईल अडवून ठेवतो, ही तक्रार गावोगावी ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात स्पष्ट केलं की, फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराची फाईल अडवता येत नाही. फी मागायचा त्याचा हक्क वेगळा. बार कौन्सिलच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. केस जिंकल्यावर मिळणाऱ्या पैशातला हिस्सा फी म्हणून ठरवता येत नाही. गोसेखुर्दमध्ये जमिनी गेलेल्या पवनीकडच्या लोकांनी हे नीट लक्षात ठेवावं. 'मोबदला वाढवून आणतो, त्यात माझे इतके टक्के', असं कुणी म्हटलं तर तो करार नियमात बसत नाही. फी आधी आकड्यात ठरवा, पावती घ्या. ऑनलाईन पैसे टाकलेत तर स्क्रीनशॉट जपा, आणि कशाचे पैसे हे मेसेजमध्ये लिहा.

वकीलपत्रावर कोरी सही नको. ओटीपी मागितला तर कशाचा, ते विचारा.

मुदतीचं लक्षात ठेवा. तहसीलदाराच्या फेरफार आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करायचं तर महसूल संहितेत 60 दिवस आहेत. दिवाणी कोर्टाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस. वकिलाचा फोन लागत नाही म्हणून मुदत थांबत नाही. प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवस मात्र मोजले जात नाहीत. म्हणून निकाल लागला की लगेच प्रतीसाठी अर्ज टाका.

टपरीवर बसून वाटणीची भांडणं बोलली जातात, ते मला पटत नाही. पक्षकारानं वकिलाला सांगितलेली गोष्ट भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 नुसार गोपनीय असते. पण शेजारच्या बाकड्यावर सावत्र भाऊ बसला असेल तर कलम काय करणार? घरी बोलवा, दार लावून बोला. वॉट्सॲप ग्रुपवर केसचे कागद टाकू नका.

ज्याला वकील परवडत नाही, त्याच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण भंडाऱ्यात जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. तालुक्याला समित्या आहेत. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, दिव्यांगांना आणि कैद्यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. बायांना हे माहीतच नसतं, म्हणून घरातल्या माणसांनी सांगावं. हेल्पलाईन 15100. सीएससी केंद्रातून टेली-लॉ योजनेत वकिलाशी फोनवर मोफत सल्ला घेता येतो. राज्य प्राधिकरणाचं फिरतं लोकअदालतही गावात येतं. तिथे सही करण्याआधी तडजोड दोनदा वाचून घ्या, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही. कोर्टात भरलेली कोर्ट फी परत मिळते, तिची मागणी त्याच दिवशी करा.