तबकडीचा वेग आणि गवयाचा सूर

जुन्या घरांच्या माळ्यावर, एखाद्या गंजलेल्या ट्रंकेत, खाकी कागदाच्या पिशव्यांत घातलेल्या काळ्या तबकड्या अजूनही सापडतात. पुष्कळदा त्यांची रवानगी भंगारवाल्याकडे होते. वाजविण्याचे यंत्र घरात उरलेले नसते, आणि ज्यांनी त्या हौसेने घेतल्या ती माणसेही उरलेली नसतात. त्या ढिगात एखादी अब्दुल करीमखाँची वा केसरबाईंची तबकडी असू शकते, हे टाकून देणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

या तबकड्यांचा हिंदुस्थानातील इतिहास १९०२ सालापासून सुरू होतो. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग हा मुद्रणतज्ज्ञ कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबर महिन्यात त्याने गौहरजान या विख्यात गायिकेचे गाणे मुद्रित केले. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्याने गावे आणि त्या आवाजाच्या जोरावर सुईने मेणाच्या थाळीवर रेघ ओढावी, एवढाच सारा प्रकार. ती थाळी जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तेथे तिच्या प्रती छापल्या जात. गाणे संपताच गौहरजान आपले नाव इंग्रजीत सांगे. तो मिरविण्याचा प्रकार नव्हता. हॅनोव्हरच्या कारागिरांना थाळी कोणाची हे कळावे, यासाठी ती सोय होती. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि ही समुद्रयात्रा थांबली. गंमत अशी, की तबकडीला लागणारी लाख मात्र बहुतांशी हिंदुस्थानातूनच परदेशी जात असे.

संग्राहक तबकडी हाती येताच लेबल वाचतो. गवयाचे नाव, राग, कंपनी, क्रमांक हे सारे त्यावर असते. मात्र जे सर्वांत आवश्यक, ते बहुधा नसते; तो म्हणजे वेग. या तबकड्यांना सर्रास 'अठ्ठ्याहत्तरच्या' म्हणतात, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. परंतु १९२५ साली विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू होण्यापूर्वीच्या तबकड्यांना हा नियम लागू पडत नाही. कोणी ७१ ने, कोणी ७४ ने, कोणी ८० ने मुद्रण करी. वेग कमी ठेवला की तबकडीवर थोडे अधिक गाणे मावे, हाही मोह असे.

याचा परिणाम साधा नाही. ७४ च्या वेगाने मुद्रित झालेली तबकडी ७८ ने फिरविली, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गाणारा गवई काळी एकमध्ये गाऊ लागतो. लयही शेकडा पाचाने वाढते. ७१ ची तबकडी तशीच फिरविली, तर दीड स्वरार्धाहून अधिक फरक पडतो. मग आवाज पातळ होतो, ताना घाईच्या वाटतात, आणि ऐकणारा निर्णय देऊन मोकळा होतो, की जुने गवई नाकात गात आणि उगाच धावत. अशा चुकीच्या वेगाने काढलेल्या प्रती आज पुष्कळ फिरत आहेत. गायकाच्या पश्चात त्याच्यावर होणारा हा अन्यायच होय. खरा वेग शोधण्यास कानच लागतो. त्याच गवयाच्या नंतरच्या, वेग ठाऊक असलेल्या तबकडीशी आवाज ताडून पाहावा. पेटीच्या पट्टीवरूनही अंदाज येतो. मात्र जुन्या पेट्या एका मापाच्या नसत, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. आणि शेवटी नाव उच्चारलेले असेल तर ते अवश्य ऐकावे. गाण्यात जे लपते ते बोलण्यात उघडे पडते.

दुसरी गोष्ट तीन मिनिटांची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस साधारण तेवढाच वेळ मिळे. बारा इंचीवर थोडा अधिक. तासभर चालणारा ख्याल त्यात बसविणे अशक्यच. म्हणून तबकडीला मैफलीचे छोटे चित्र समजण्यात अर्थ नाही. कसलेला गवई पहिल्याच आवर्तनात राग उभा करी आणि एकही जागा वाया घालवीत नसे. बडोदे दरबारचे फैयाजखाँ या बाबतीत ऐकण्यासारखे आहेत. अब्दुल करीमखाँची झिंझोटीतील ठुमरी तर प्रसिद्धच आहे. गदगच्या बाजारात ती तबकडी कानी पडली आणि एका मुलाला घर सुटले. १९३३ साली तो गुरूच्या शोधात निघाला आणि ग्वाल्हेरपर्यंत पोचला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

तबकडी नसली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. जयपूर गायकीचे आद्य पुरुष अल्लादियाखाँ यांची तबकडी निघाली नाही. त्यांचे गाणे आज शिष्यांच्या गळ्यावरूनच ताडावे लागते. त्यांत गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या अग्रगण्य. केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेली. ज्या सोनेरी मुलाम्याच्या तबकडीवर ती आहे, तिच्या वेष्टनावर फिरविण्याचा वेगही चिन्हांनी कोरला आहे. परग्रहवासीयांची जी सोय पाहिली गेली, ती आपल्याकडच्या गिऱ्हाइकाची कोणी पाहिली नव्हती!

ज्यांच्या घरी अशा तबकड्या असतील त्यांनी काही पथ्ये पाळावीत. स्पिरिटने पुसू नये. लाख स्पिरिटात विरघळते. धूळ मऊ ब्रशाने झटकावी. एकीवर एक रचून ठेवू नये, सरळ उभ्या ठेवाव्यात. तिरप्या राहिल्या की उन्हाळ्यात वाकतात. कोकणगोव्याच्या पावसात बुरशी धरते, म्हणून ओलसर भिंतीपासून दूर असाव्यात. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवायच्या तर पोलादी सुई दर बाजूला बदलावी. तबकडीत दगडाची भुकटी मिसळलेली असते. ती सुईला झिजवते, आणि झिजलेली सुई मग रेघेला खाते. विजेच्या यंत्रावर एल. पी.ची सुई लावू नये. या तबकड्यांची रेघ रुंद असते आणि बारीक सुई तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते.

ध्वनिफितीवर वा संगणकावर प्रत करून घ्यावयाची झाल्यास खरखर पुसण्याची घाई करू नये. तिच्याबरोबर तंबोऱ्याची आसही निघून जाते. पहिली प्रत आहे तशी ठेवावी, साफसफाई दुसरीवर करावी, आणि दोहोंवर लेबलावरील क्रमांकाबरोबर तबकडी कोणत्या वेगाने फिरविली तो आकडा लिहून ठेवावा.